एकच बोअर, दोन आकडे: ०.७९ की १.१४? वाळूवरच्या सोसायटीचा प्रश्न

सातबंगलेकर | १२ एप्रिल, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी. वर्सोव्याला समुद्रापासून चालत चार मिनिटांवर आमची तळमजला अधिक चारची सोसायटी, १९७४ ची. रिडेव्हलपमेंटचं घोंगडं तीन वर्षं भिजत पडलंय, आता कुठे सॉइल टेस्टिंगपर्यंत गाडी आलीये. मी सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालोय, त्यामुळे आकडे वाचता येतात पण मातीतलं ओ की ठो कळत नाही.

झालंय असं की पीएमसीने, म्हणजे सोसायटीच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने, आणलेल्या एजन्सीने बोअर मारले आणि रिपोर्टात लिहिलं की बोअर नंबर २ मध्ये ४.५ मीटरवर बारीक करडी वाळू, एन व्हॅल्यू ९, पाणी १.५ मीटरवर, लिक्विफॅक्शनचा सेफ्टी फॅक्टर ०.७९, म्हणजे भूकंपात वाळू पातळ होऊ शकते. मग बिल्डरच्या कन्सल्टंटने तोच बोअर, तेच आकडे घेऊन १.१४ काढून दाखवला आणि म्हणतो काहीही होत नाही. काल मीटिंगमध्ये यावरून अशी जुंपली की वडापाव आले ते तसेच गार झाले. निम्मे म्हणतात बिल्डर फसवतोय, निम्मे म्हणतात पीएमसी घाबरवतोय. एकाच भोकातून दोन आकडे निघतातच कसे?

आणि अजून एक, लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदींच्या कागदावर, २-४-५ असं लिहिलंय, त्याची बेरीज ११ होते ना? ९ कुठून आला? इथे तर सरळ सरळ चूक दिसतेय.

अर्धा_चहा | १२ एप्रिल, रात्री ११:०२

काका, बँकेची सवय, पहिली बेरीज तपासली 😄

प्लॉट_नंबर_नऊ | १२ एप्रिल, रात्री ११:२०

मुंबई काळ्या पाषाणावर उभी आहे हो. हे लिक्विफॅक्शन वगैरे जपानात. कन्सल्टंटची फी वाढवायचे धंदे आहेत सगळे.

ठोकेमोजणी | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

काका, सॉइलच्या साइटवर बावीस वर्षं गेलीयेत माझी, तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमची बेरीज. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, खाली पोकळ नळी असते, स्प्लिट स्पून म्हणतात तिला, ती ठोक्यांनी आत जाते. १५-१५ सेंटिमीटरचे तीन टप्पे मोजतात. पहिल्या टप्प्यात तळाची ढवळलेली माती असते म्हणून तो सोडून द्यायचा, पुढचे दोन धरायचे. ४ आणि ५, नऊ, तीच एन व्हॅल्यू. बरोबर आहे तुमचा लॉग. निदान बेरजेपुरता तरी.

आता दोन आकडे. ०.७९ ला १.४४ ने गुणा. १.१४ आलं ना? झालं, तुमचं भांडण एवढंच आहे. पहिल्याने ७.५ चा भूकंप धरलाय, दुसऱ्याने ६.५ चा. छोटा भूकंप म्हणजे कमी वेळ हलवणार, हेलकावे कमी, म्हणून वाळूला सवलत मिळते, ६.५ साठी ती १.४४ पट धरतात. बाकी दोघांनी सगळं सेम टू सेम केलंय. कुणी फसवत नाहीये, कुणी घाबरवत नाहीये, फक्त कुठला भूकंप धरायचा हे दोघांनी आपापलं ठरवलं आणि रिपोर्टात मोठ्या अक्षरात लिहिलं नाही.

सातबंगलेकर | १३ एप्रिल, सकाळी ८:०५

अहो करून बघितलं कॅल्क्युलेटरवर, १.१३७६ येतंय! तीन तास भांडलो आम्ही. पण मुळात हा ०.७९ येतो कसा ते सांगाल का, मेंबरांना समजावता येईल असं?

ठोकेमोजणी | १३ एप्रिल, सकाळी ९:४८

लोकलमधून टाइप करतोय, चुका पदरात घ्या.

सैल वाळू, सगळी पाण्याने भरलेली. कण एकमेकांवर टेकलेले असतात म्हणून ती वजन पेलते. हलवली की कण जवळ सरकायला बघतात, पण मधलं पाणी त्या काही सेकंदांत बाहेर पडू शकत नाही, मग पाण्याचा दाब वाढतो आणि कणांचा एकमेकांवरचा भार उतरत उतरत शून्याकडे जातो. तो उतरला की वाळू नुसती दाट आमटी. चिकणमातीचं तसं होत नाही, ती वेगळ्या तऱ्हेने त्रास देते.

हिशोबाला दोन बाजू. भूकंप किती हलवणार ते एका बाजूला, वाळू किती सोसणार ते दुसऱ्या बाजूला, आणि सोसणं भागिले हलवणं म्हणजे तुमचा सेफ्टी फॅक्टर, एकच्या खाली गेला की धोका. सीड आणि इद्रिस या बर्कलीच्या दोघांनी १९७१ मध्ये ही सोपी रीत मांडली, पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये, म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय कोडमध्ये, शेवटी परिशिष्टात तीच दिलेली आहे.

हलवणारी बाजू: ०.६५ गुणिले जमिनीचा प्रवेग (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), त्या कोडमध्ये मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये म्हणून ०.१६, गुणिले त्या खोलीवरचा एकूण दाब भागिले पाणी वजा केलेला दाब, गुणिले खोलीसाठी छोटी सूट. तुमच्याकडे पाणी १.५ वर, वरची माती १८ आणि पाण्याखालची १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली तर ४.५ मीटरवर एकूण दाब ८४ किलोपास्कल, पाण्याचा २९.४ वजा जाता ५४.६. गुणाकार करा, ०.१५४ च्या आसपास येतं. ०.६५ कशाला तर भूकंपात प्रत्येक हेलकावा कमाल जोराचा नसतो म्हणून.

सोसणारी बाजू नऊ ठोक्यांवरून निघते, पण नऊ तसेच वापरायचे नाहीत. घणाची किती ताकद खरंच खाली पोचली, रॉड किती लांब, भोक किती रुंद, सगळं सुधारून आणि दाबाचा हिशोब लावून तुमचे नऊ साधारण ८.२ होतात. त्यात बारीक गाळ १५ टक्के लिहिलाय म्हणून थोडी बढती, ११. अकरावर आलेखातून ०.१२२. भागिले ०.१५४, आलं ०.७९. गाळ मोजलाच नसता आणि स्वच्छ वाळू धरली असती तर हाच फॅक्टर ०.६३ आला असता. चाळणीचा रिपोर्ट जोडलाय का बघा, ७५ मायक्रॉनची, धुऊन केलेली. कोरडी चाळली असेल तर गाळ कणांना चिकटून वरच राहतो.

आणि तो आलेख काही लॅबमध्ये निघालेला नाही. सैल वाळू न हलवता बाहेर काढणं जवळजवळ अशक्य, काढताना आणि टेंपोतून नेताना तिची बसण बदलते. म्हणून उलटं केलं. जिथे जिथे भूकंप झाले तिथे जाऊन बघितलं, इथे वाळू उकळली, तिथे नाही, दोन्हीकडचे ठोके मांडले आणि दोन टोळ्यांच्या मधून रेघ ओढली. त्यामुळे ती रेघ ठोक्यांइतकीच विश्वासू.

अर्धा_चहा | १३ एप्रिल, सकाळी १०:१०

अंधेरीला उतरायचं राहिलं नाही ना साहेब

ठोकेमोजणी | १३ एप्रिल, सकाळी १०:१४

दादरला पोचलो 😐

प्लॉट_नंबर_नऊ | १३ एप्रिल, दुपारी १:३०

सगळं मान्य, गणित छान आहे. पण मुंबईत कधी झालंय का? २००१ ला भुज हललं तेव्हा आमच्याकडे फक्त पंखा डुलला होता.

खारफुटी | १३ एप्रिल, दुपारी ३:५५

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, नवऱ्याच्या आधी आयएस कोडशी लग्न झालेली.

नऊ भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर भराव, मग काळा खाडीचा गाळ, मग मुरूम, मग खडक. खाडीचा गाळ चिकट, प्लॅस्टिसिटी भरपूर, तो वाळूसारखा पातळ होत नाही, तिकडे हा हिशोब लावूच नये. खरा प्रश्न किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यांचा आणि वाळू टाकून केलेल्या भरावाचा. वर्सोवा त्यात येतं.

पण "कधी झालंय का" हे लॉजिक मला पटत नाही. किल्लारी १९९३ ला सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. पुढे २००२ च्या कोडमध्ये झोन एकच काढून टाकला. कोयनेला १९६७ च्या आधी कुणाला भीती होती?

रणातला_मुंबईकर | १३ एप्रिल, रात्री ९:१२

पंखा डुलला म्हणून लिहितोय. २६ जानेवारी २००१ ला मी नोकरीनिमित्त गांधीधामला होतो, झेंडावंदनाची वेळ. चार दिवसांनी कामासाठी कांडला बंदराकडे गेलो तर पोर्ट आणि कस्टमच्या ऑफिसचा टॉवर एका बाजूला कललेला, आणि तो पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, होता बरं का. जमिनीला भेगा, भेगांच्या कडेला करड्या वाळूचे छोटे छोटे ढीग, मुंग्यांच्या वारुळासारखे, मध्ये भोक. मला वाटलं कुणीतरी बोअर मारून सोडलेत. एक म्हातारा म्हणाला जमिनीतून पाणी उडालं इथे. आत मीठ होतं त्या पाण्यात, ढीग वाळल्यावर पांढरे झाले.

तांत्रिक काही सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी पहिल्या मजल्याच्या वर घर घेतलं नाही, ज्याचा इथे काही उपयोग नाही हे नंतर कळलं.

खारफुटी | १३ एप्रिल, रात्री ९:४०

नाहीच 🙂 १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाताच्या कावागिशीचोमध्ये अख्ख्या चार मजली बिल्डिंगा आडव्या झाल्या, एक तर जवळजवळ झोपली, आणि भिंती धडधाकट. कॉलम-बीम सगळं पास, जमीन नापास. आमच्या कॉलेजात तो फोटो दाखवून सर म्हणाले, यात स्ट्रक्चरल इंजिनियरची चूक शोधा.

पुळण | १४ एप्रिल, सकाळी ६:३०

आमचं घर वर्सोवा गावात, पिढ्यान् पिढ्या. सात बंगल्याकडच्या त्या भागात सगळी पुळणच होती, माझी आजी सांगायची विहीर हाताने खणली तरी पाणी लागायचं. आणि हो, लहानपणी आम्ही ओहोटीला ओल्या वाळूवर एका जागी पाय आपटत बसायचो, थोड्या वेळाने वाळू थरथरते दह्यासारखी, पाय घोट्यापर्यंत जातात. पाय थांबवले की परत घट्ट, ओढून काढावा लागतो. हेच का ते लिक्विफॅक्शन?

काका, एक विचारा, बोअर नेमका कुठे मारला? त्या पट्ट्यात जुन्या नाल्याचे भराव पण आहेत, विटांचे तुकडे, डबर, काय काय टाकलंय.

ठोकेमोजणी | १४ एप्रिल, सकाळी ८:५०

पुळणताई, अगदी तेच. एवढं चांगलं उदाहरण मला बावीस वर्षांत सुचलं नाही. आणि डबराचा मुद्दा लाखाचा, स्पूनखाली एक वीट आली की एन तीस दाखवतो आणि सगळे खूश.

काका, काल मी गणितात वाहवत गेलो, खरी गोष्ट राहिली. तुमच्या बोअरला तिपाई होती का रोटरी मशीन? मजूर भोक साफ कसं करत होते? बेलरने, म्हणजे लांब बादलीसारखी नळी वरखाली करून?

सातबंगलेकर | १४ एप्रिल, सकाळी ९:३०

तिपाई आणि विंच. हो, नळीने उपसत होते, भराभर, बाहेर ओतत होते वाळूचं पाणी. मी खुर्ची टाकून बसलो होतो बोअर २ च्या वेळी, मुकादम म्हणाला लवकर आटपायचंय, दुपारी दुसरी साइट आहे. काही चुकलं का?

ठोकेमोजणी | १४ एप्रिल, सकाळी ९:३७

उपसताना भोकात पाणी परत टाकत होते का? ड्रम होता शेजारी?

सातबंगलेकर | १४ एप्रिल, सकाळी ९:४१

ड्रम नव्हता. आमच्या टाकीचं पाणी मागितलं होतं त्यांनी पण टँकरचे दिवस, मीच नाही म्हणालो 🙈

ठोकेमोजणी | १४ एप्रिल, सकाळी ११:२०

मग घ्या, तुमच्या ०.७९ चा जन्म तिथे झाला.

बाहेर जमिनीत पाणी १.५ मीटरवर. आत केसिंगमध्ये, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेल्या पाइपात, बेलरने उपसून उपसून पाणी तीन-साडेतीन मीटरवर आणलं. बाहेरचं पाणी काय करणार, तळातून उसळी मारून आत शिरणार आणि सोबत वाळू घेऊन येणार. म्हणजे ज्या वाळूचे ठोके मोजायचे ती मोजण्याआधी आपणच पातळ केली. पुळणताईंच्या पायांचं काम बेलरने केलं. मग त्यावर घण मारला की २-४-५ च येणार.

ओळखायची खूण सोपी आहे, बोअर ४.५ पर्यंत साफ केला आणि स्पून खाली सोडला तर रॉड ४.५ लाच टेकला पाहिजे. ४.२ ला टेकला तर तीस सेंटिमीटर वाळू वर चढलीये. चांगला सुपरवायझर हे लॉगमध्ये लिहितो. तुमच्या लॉगमध्ये शेऱ्याचा रकाना कोरा असणार, पैज.

बरोबर पद्धत म्हणजे भोकातलं पाणी कायम बाहेरच्या पातळीच्या वर ठेवायचं, बेंटोनाइट, म्हणजे फुगणारी बारीक चिकणमाती, घातलं तर उत्तम, बेलर हळू ओढायचा नाहीतर वापरायचाच नाही, आणि केसिंग टेस्टच्या खोलीच्या पुढे न्यायचं नाही. बरं याची उलटी बाजूपण असते. काही मुकादम दोर विंचवर तीन वेढे गुंडाळून ठेवतात, घण मोकळा पडतच नाही, दोराला घासत येतो, मग ठोके जास्त लागतात आणि वाळू दणकट दिसते. मी एका साइटवर दिवसभर हेच बघत बसलो होतो, सांगितलं तर म्हणाला साहेब एनच पाहिजे ना, देतो की.

त्यामुळे ०.७९ विरुद्ध १.१४ वर वकिली थांबवा. त्या भोकाला आधी पाणी पाजा.

प्लॉट_नंबर_नऊ | १४ एप्रिल, दुपारी १२:०५

म्हणजे एन वाढणार आणि सगळं सेफ. मी तेच म्हणत होतो.

ठोकेमोजणी | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

तुम्ही वेगळं म्हणत होतात 😀 आणि वाढेलच असं नाही. शेजारी नवा बोअर मारून बघायचं. शंखशिंपले जास्त असले तर तेही लिहायला सांगा.

कोन टेस्ट परवडली तर सगळ्यात बरी. शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटरने ढकलतात, दर काही सेंटिमीटरला नोंद, दोर नाही घण नाही मुकादमाची घाई नाही. आमच्याकडे ती कमी होते कारण वर डबर असला की शंकू अडतो.

खारफुटी | १४ एप्रिल, दुपारी ४:१८

अजून एक विसरू नका. पाणी १.५ मीटर कधी मोजलं, एप्रिलमध्ये ना? जुलैत येऊन बघा, पार्किंगच्या फरशीखाली हातभर असेल. भूकंप काही पावसाळा टाळून येत नाही. पाणी ०.५ मीटरवर धरलं तर वरच्या हिशोबातली हलवणारी बाजू ०.१५४ ची ०.१८६ होते, वीसेक टक्के फरक. म्हणजे बिल्डरच्या १.१४ चा पावसाळ्यात ०.९४. ठोके सुधारताना मात्र टेस्टच्या दिवशीचंच पाणी धरायचं, इथे बरेच जण घोळ घालतात, दोन्हीकडे एकच पातळी टाकून मोकळे.

आणि काका, नवीन बिल्डिंगला बेसमेंट आहे का?

सातबंगलेकर | १४ एप्रिल, रात्री १०:००

बेसमेंट नाही, पोडियम पार्किंग. पाइल फाउंडेशन, खडक ११ मीटरवर लागलाय. मग पाइल खडकात गेले की वाळूचं काय ते होवो, आपल्याला काय, असं बिल्डरचा माणूस म्हणाला.

खारफुटी | १५ एप्रिल, सकाळी १०:२५

उभा भार खडकावर जाईल हे खरं. पण भूकंपात पाइलला आडवा धक्का बसतो तेव्हा बाजूची मातीच त्याला आवळून धरते. मधली दोन-तीन मीटर वाळू पातळ झाली तर पाइल तेवढ्या लांबीत उघडा पडल्यासारखा, वाक वाढतो, सळई जास्त लागते. त्या थराचा घर्षणाचा भारही धरायचा नाही. तर विचारा, डिझाइनमध्ये तो थर काय म्हणून धरलाय? "घट्ट वाळू" असं उत्तर आलं तर मला टॅग करा.

शिवाय पाइलवर फक्त बिल्डिंग असते. कंपाउंड वॉल, गॅसची लाइन, ड्रेनेज, जमिनीखालची पाण्याची टाकी, ती सगळी वाळूवरच. २०११ ला टोकियोजवळ उरायासूच्या भरावावर मॅनहोल जमिनीतून वर आले होते, रिकामी टाकी म्हणजे होडीच. तिथेच आधी ठोकून घट्ट केलेल्या जागा मात्र नीट राहिल्या.

सातबंगलेकर | ९ मे, रात्री ९:३०

अपडेट देतो, धागा वर काढल्याबद्दल सॉरी.

शेऱ्याचा रकाना कोराच होता, ठोकेमोजणी साहेब पैज जिंकलात. कमिटीत मंजुरी काढून बोअर २ पासून तीन मीटरवर नवा बोअर मारला, या वेळी एजन्सी दुसरी, आणि टाकीतून दोन ड्रम पाणी मी स्वतः दिलं (चौथ्या मजल्यावरच्या काकू अजून बोलत नाहीत). मी टेप घेऊन बसलो होतो. रॉड ४.५ च्या जागी ४.४७ ला टेकला, मुकादम म्हणाला काका तुम्ही इंजिनियर का, मी म्हटलं नाही, कॅशियर.

४.५ मीटरवर ५-७-८. म्हणजे १५, पहिला सोडून, शिकलोय आता. गाळ धुऊन चाळला, १५ टक्केच. ६ मीटरवर मात्र एन ८ आला, पोटात गोळा.

ठोकेमोजणी | ९ मे, रात्री १०:१२

वा काका. १५ चा हिशोब करतो: सुधारून १३.६, गाळासकट १६.७, सोसायची ताकद ०.१७८. पावसाळ्याचं पाणी धरून ७.५ ला ०.९५, ६.५ ला १.३७. एप्रिलच्या पाण्याने ७.५ लाच १.१५ आला असता. म्हणजे वाळू तुमच्या रिपोर्टाइतकी भिकारी नाही आणि नऊ भाऊंच्या पाषाणाइतकी भक्कम पण नाही. भूकंप कुठला धरायचा ते पीएमसी आणि बिल्डर दोघांकडून एकाच कागदावर सही घेऊन ठरवा.

६ मीटरचा नमुना कसा दिसतो? हातात चोळला तर खरखरीत की चिकट? प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे चिकटपणाचा आकडा, काढलाय का?

सातबंगलेकर | १० मे, सकाळी ८:२०

काळा आणि चिकट, बोटाला लागतो, वास पण येतो. रिपोर्टात प्लॅस्टिसिटी इंडेक्स २२, गाळ ७८ टक्के.

ठोकेमोजणी | १० मे, सकाळी ८:३४

मग तो खाडीचा गाळ, त्याला वाळूच्या हिशोबातून बाहेर काढा. तो मऊ आहे, खचेल, पण त्याचा हिशोब वेगळा. पोटातला गोळा उतरवा.

खारफुटी | १० मे, दुपारी १:१५

पण पाइलच्या आडव्या हिशोबात तो मऊ थर हवाच, काढू नका. वर वाळू, खाली मऊ गाळ, मग मुरूम, असे तीन थर दाखवून डिझाइन मागा. आणि जमिनीखालच्या टाकीला अँकर आहे का ते विचारा, ड्रॉइंगवर मला दिसत नाहीये.

सातबंगलेकर | १० मे, दुपारी २:०२

नाहीये. टाकी रिकामी असताना वजन किती धरायचं?

खारफुटी | १० मे, दुपारी २:२०

नुसत्या काँक्रीटचं. पाण्याचा एक थेंबही धरू नका. टाकीची मापं टाका इथे, रात्री बघते.